तुकडा नंबर एकशे सत्तावीस

ठोकेमामांच्या नशिबात विमानात बसणं कधी आलं नाही, पण विमान वाजवून बघणं मात्र म्हातारपणी आलं.

सकाळी नऊला मामा जुन्या बसडेपोच्या शेडमध्ये शिरायचे, सदरा काढून खिळ्याला अडकवायचे आणि बनियनवरच बाकापाशी उभे राहायचे. समोर येईल तो तुकडा बोटाच्या पेरानं तीनदा वाजवायचा. टक, टक, टक. मग कान लावायचा. मग वास घ्यायचा. आणि अगदीच अडलं, तर इकडं तिकडं बघून हळूच जीभ लावायची. त्यावरूनच त्यांचं नाव ठोकेमामा पडलं. चाटेमामा पडलं नाही हे त्यांचं नशीब.

विमान होतं युद्धातलं. शहराबाहेरच्या तळ्यात पडलेलं. चालवणारा गडी पोहत काठाला आला, अंग झटकलं आणि चालायला लागला. विमान राहिलं तळ्यातच. पुढं चाळीस वर्षांनी तळ्याचा बांध दुरुस्त करायला पाणी उपसलं, तर चिखलात हे रुतलेलं. सगळं मोडकंतोडकं, लिंपलेलं, काय पंख आणि काय शेपूट काही कळेना. संग्रहालयाच्या बाईंनी ते सगळं खोक्यांत भरून शेडमध्ये आणलं, शेडच्या फरशीवर खडूनं अख्ख्या विमानाचा आकार काढला, आणि सांगितलं, एकेक तुकडा ओळखा आणि जागच्या जागी मांडा.

आता बाईंकडं ओळखायला माणूस होता. यादीवाला. नाकावर चष्मा, काखेत नकाशांच्या गुंडाळ्या, खिशात फूटपट्टी, दुसऱ्या खिशात अजून एक फूटपट्टी. विमान बनवणाऱ्या कारखान्याच्या याद्या त्याला पाठ होत्या. पण यादीतला तुकडा सरळ असतो आणि तळ्यातला वाकडा, त्यामुळं त्याचं घोडं अडायचं. म्हणून बाईंनी मामांना बोलावलं. मामांनी जन्मभर पत्रा ठोकला. शाळेत चौथीपर्यंत गेले, तेही मास्तरांच्या घराचं छप्पर गळत होतं म्हणून. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं आणि घरी बसले. बसले म्हणजे काय, बसवतच नव्हतं. घरातली भांडी वाजवत फिरायचे. "ह्या पातेल्याचं बूड पातळ झालंय." "ह्या झाकणात भेसळ आहे." बायको शेवटी म्हणाली, "अहो, तुम्ही एखादं बाहेरचं काम तरी बघा, नाहीतर मी तरी बघते."

पहिल्याच आठवड्यात मामांनी नाव काढलं. एक लहानसं नरसाळं निघालं होतं, खाली रबरी नळी. यादीवाला दोन दिवस तेलाच्या टाकीचे नकाशे उलथेपालथे करत होता. मामांनी नरसाळं हातात घेतलं, वाजवलं, वास घ्यायला नाकाजवळ नेलं आणि तिथंच थांबले.

"यादीवाले, तो गडी आकाशात किती वेळ असायचा?"

"पाच-सहा तास."

"आणि मध्ये खाली उतरता यायचं नाही."

"अर्थातच नाही."

"मग शोधताय काय? त्याची मोरी आहे ही."

यादीवाल्यानं नरसाळं टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेला. बाई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या.

तर असं चाललं होतं. तीन महिन्यांचं काम ठरलेलं. पण तळ्यातून अजून अकरा खोकी यायची होती, आणि शेडच्या टोकाला एक खोली रिकामी होती. पूर्वी तिथं डेपोचा हिशेबनीस बसायचा. खिडकी, टेबल, दाराला कुलूप. बाई म्हणाल्या होत्या, "आतापर्यंत आलेलं सगळं नीट मांडून झालं, शनिवारी मी सगळं तपासलं आणि चुका निघाल्या नाहीत, तर ती खोली तुमची मामा. अकराच्या अकरा खोकी तुमची."

मामांच्या मनात ती खोली बसली. येता जाता काचेतून आत डोकवायचे. टेबल कुठं सरकवायचं, हत्यारं कुठल्या भिंतीला लावायची, सगळं ठरलेलं. आणि मुख्य म्हणजे दार बंद केलं की यादीवाल्याची कटकट ऐकू येणार नाही. चौसष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याला घरात हात ठेवायला जागा नाही, त्याला आपलं दार हवं होतं. एवढंच.

आणि मग आला एकशे सत्ताविसावा तुकडा.

हातभर लांब, नाकासारखा गोल वळलेला पत्रा. त्याला दुसरा पत्रा रिबिटांनी जोडलेला. पुढच्या बाजूला वाटीएवढं गोल भोक. वर चुन्यासारखा वाळलेला चिखल, बोटभर जाड. मामांनी कडेचा एक कोपरा नखानं खरवडला, तीनदा वाजवला आणि निकाल दिला. "पंखाची पुढची कड. डाव्या पंखाची. ह्या भोकात दिवा बसायचा. लावा तिथं."

यादीवाल्यानं फूटपट्टी काढली. "रिबिटांमधलं अंतर सारखं नाही. एक इथं आहे, दुसरं जवळ, तिसरं लांब. कारखान्यात असं होत नाही."

"युद्धात होतं. वरून बॉम्ब पडत असताना तुम्ही एखादं रिबिट मारून दाखवा, मग अंतर मोजू."

"निदान सगळा चिखल तरी काढू या. धुऊन बघू."

"चिखल धुतात ज्यांना ऐकू येत नाही ते," मामा म्हणाले. "पत्रा विमानाचा आहे. आवाज खोटं बोलत नाही."

"पत्रा विमानाचा असेल हो, पण रिबिटं…"

इथं मामांचं डोकं फिरलं. बाई मागंच उभ्या होत्या. मामा वळले आणि म्हणाले, "बाई, ऐका. हा तुकडा चुकला असेल ना, तर ती खोली मला नको. कुलूप लावा आणि किल्ली तळ्यात टाका. मी घरी बसतो."

बाई म्हणाल्या, "तळ्यात पाणी नाहीये मामा." पण शब्द तर तोंडातून गेला होता.

यादीवाल्यानं रात्रभर याद्या चाळल्या असाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी डोळे लाल करून आला. मामांनी खरवडलेल्या कोपऱ्यात पुसट आकडे ठोकलेले होते, ते त्यानं भिंगातून वाचले, यादीशी ताडले. निघाला काय, पंखाच्या पुढच्या कडेचाच पत्रा. बिचाऱ्यानं बाईंच्या समोर सांगितलं, "मामांचं बरोबर आहे. माझी चूक झाली. मी उगाच शंका घेतली." आणि तुकड्याच्या चिठ्ठीवर मामांच्या सहीखाली आपली सही केली. तुकडा खडूच्या रेघेत, डाव्या पंखाच्या टोकाला जाऊन बसला.

मामांनी मग सोडलं नाही. आठवडाभर यादीवाल्याला सळो की पळो केलं. चहाचा कप पुढं आला की म्हणायचे, "आधी मोजा यादीवाले, कान बरोब्बर मध्ये आहे ना?" यादीवाला मान खाली घालून चहा प्यायचा.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बाईंची तपासणी, म्हणून सगळे तुकडे नळीच्या पाण्यानं स्वच्छ करून परत मांडले होते. दुपार कलल्यावर यादीवाला जेवायला गेला. शेडमध्ये मामा एकटे. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं आणि बरोबर डाव्या पंखावर पडलं. मामा आपले कौतुकानं खडूच्या रेघेवरून चालत होते, हात मागं बांधून, जशी काही त्यांनीच विमानं उडवली. एकशे सत्ताविसाशी आले आणि थांबले.

तिरप्या उन्हात रिबिटांची डोकी उठून दिसत होती. सगळी एकाच बाजूला कललेली. आणि प्रत्येक डोक्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटलेली. एका बाजूला सारखी, ओळीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मामा खाली बसले. बोट फिरवलं. मग आपला डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि त्या हाताकडं असं बघितलं, जसं काही तो शेजाऱ्याचा आहे.

रिबिटं त्यांची होती.

झालं होतं असं. युद्ध संपलं तेव्हा मामा होते बावीस-तेवीसचे, एका वस्तादाच्या दुकानात पत्रा ठोकायचे. लोखंड मिळत नव्हतं, पण मोडीत काढलेल्या विमानांचा पत्रा ट्रकच्या ट्रक यायचा. त्याच्या बादल्या केल्या, दुधाचे डबे केले, कोंबड्यांची खुराडी केली. आणि एकदा एक नाव केली. तळ्यावरच्या नावाड्यानं सांगितली होती. पंखाचा पत्रा आधीच गोल वळलेला, नावेच्या नाकाला आयता. पुढं भोक पाडलं दोर बांधायला. रिबिटं मारली मामांनी. मामा डावरे, त्यामुळं रिबिटाचं डोकं एका बाजूला कलायचं. वस्ताद त्यावरून रोज शिव्या द्यायचा. शिवाय हातोडीच्या तोंडाचा टवका उडालेला, तो प्रत्येक घावाला चंद्रकोर काढायचा.

नाव तिसऱ्या फेरीला बुडाली. नावाडी ओलाचिंब, टोपी पिळत दुकानात आला आणि म्हणाला, "रिबिटं कुणी मारली?" वस्तादानं मामांकडं बोट केलं. नावाडी अंगावर धावला. त्याला मागून धरायला त्याची लेक आली होती. तिनं बापाला धरलं, आणि बापाच्या खांद्यावरून मामांकडं बघितलं. पुढच्या वर्षी लग्न झालं.

सासरा मरेपर्यंत म्हणत राहिला, रिबिटं कच्ची होती. मामा आजपर्यंत म्हणत आले, नाव दगडावर आपटली.

म्हणजे तळ्यात आधी विमान बुडलं होतं आणि त्याच्यावर मामांची नाव. आणि मामांनी आपलीच नाव वाजवून, कान लावून, छातीठोकपणे विमानाच्या पंखाला जोडली होती.

मामा उठले. आजूबाजूला कुणी नव्हतं. चिठ्ठीवर दोघांच्या सह्या होत्या. आकडा यादीत होता. जगात एकाही माणसाला हे कळायचं कारण नव्हतं. शेडच्या टोकाला त्या खोलीच्या काचेवर ऊन पडलं होतं. मामा तिकडं बघत राहिले. मग यादीवाला आला, हात पुसत, आणि म्हणाला, "मामा, उद्या किल्ली मिळणार बरं का. माझी आठवण ठेवा म्हणजे झालं." तोंडात टोमणा नव्हता. मनापासून म्हणाला. मामांनी तिथून काढता पाय घेतला.

घरी गेले. जेवले. एक भांडं वाजवलं नाही. बायकोनं कपाळाला हात लावून बघितलं.

"बरं नाही का?"

"बरा आहे."

"मग झाकण का नाही वाजवलं? मी मुद्दाम नवीन ठेवलंय समोर."

"माझी जुनी हातोडी कुठाय? टवक्याची."

"मागच्या दाराला लावलीये, वाऱ्यानं आपटतं म्हणून. का?"

"काही नाही," मामा म्हणाले आणि कूस बदलली. खोली जाणार याचं त्यांना वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त टोचत होतं दुसरंच. यादीवाला बरोबर होता. आणि बरोबर असून त्यानं चारचौघांत चूक कबूल केली होती, आणि आपण आठवडाभर त्याला कपाचा कान मोजायला लावला.

सकाळी मामांनी मागच्या दाराची हातोडी उचलली आणि शेडवर गेले. बाई अकराला येणार होत्या. यादीवाला आठलाच येऊन चिठ्ठ्या सरळ करत होता.

"यादीवाले, एकशे सत्तावीस चुकलाय."

"काय?"

"विमानाचा नाही तो. नाव आहे. मी केलेली." आणि सगळं सांगून टाकलं. नावाडी, टोपी, सगळं.

यादीवाला ऐकत होता. ऐकून झाल्यावर चष्मा पुसला, परत घातला. "मान्य नाही."

"मान्य नाही म्हणजे?"

"आकडा यादीत आहे. चिठ्ठीवर दोन सह्या आहेत. तुम्ही म्हणता नाव. कागद कुठाय?"

"अहो, बुडलेल्या नावेचा कागद कुठनं आणू? मी सांगतोय ना, मी चुकलो!"

"तसं तुम्ही म्हणता. चाळीस वर्षांपूर्वीची आठवण. आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"अरे देवा," मामा म्हणाले. "बरोबर आहे म्हणत होतो तेव्हा ह्याला पटेना. आता चुकलो म्हणतोय तरी पटेना."

"सिद्ध करा," यादीवाला म्हणाला, आणि दोन्ही खिशांतल्या दोन्ही फूटपट्ट्या काढून बाकावर ठेवल्या.

मामांना इरेला पेटायला एवढं पुरे झालं. बाही सावरायला गेले तर बनियनला बाहीच नाही. भंगारातला एक पत्रा घेतला, दहा भोकं पाडली, दहा रिबिटं घातली, डाव्या हातात टवक्याची हातोडी धरली. हात आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. पण पहिला घाव बसला आणि हाताला ओळख पटली. ठण्ण. ठण्ण. शेडभर घुमलं.

सातव्या रिबिटाला दारातून आवाज आला. "हातोडी घराबाहेर कशाला गेली ते मला कळेल का? तिकडं दार नुसतं आपटतंय!"

बायको होती. पदर खोचलेला, पायात वेगवेगळ्या चपला. मामांचा घाव हुकला आणि बोटावर बसला.

"वहिनी, या, बसा," यादीवाला म्हणाला. "मामा स्वतःला खोटं ठरवतायत. रंगात आलेत."

दहा रिबिटं झाली. यादीवाल्यानं भिंग घेतलं. हा पत्रा बघ, तो पत्रा बघ. कल मोजला. चंद्रकोरीची लांबी मोजली. टोकापासूनचं अंतर मोजलं. तीन महिन्यांत त्याचा चेहरा इतका खुललेला मामांनी बघितला नव्हता. शेवटी त्यानं भिंग खाली ठेवलं आणि हात पुढं केला.

"अभिनंदन मामा. तुम्ही चुकलात."

"हेच मी कधीपासून घसा फोडून सांगतोय!" मामांनी आनंदानं त्याचा हात दाबला, आणि मग ठेचलेलं बोट आठवून ओरडले.

तोवर बायको वाकून एकशे सत्तावीस बघत होती. भोकात बोट घातलं. रिबिटांच्या ओळीवरून बोट नेलं. खालच्या टोकाला तीन रिबिटं उपसून निघालेली, भोकं मोकळी.

"ही बाबांची नाव?"

मामांनी ठेचलेलं बोट तोंडात घातलं.

"दगड कुठं लागलाय ते दाखवा."

"तो… तो खालच्या भागाला लागला असेल. तो भाग सापडला नाहीये अजून."

"यादीवाले भाऊजी, तुमच्या मोजपट्टीनं बघा हो. दगडाचा पोचा आहे का कुठं?"

यादीवाल्यानं अगदी प्रामाणिकपणे वाकून बघितलं. "पोचा नाही वहिनी. रिबिटं सैल होती. उपसून आली."

"चाळीस वर्षं!" बायको म्हणाली. "चाळीस वर्षं हा माणूस माझ्या बापाला आंधळा म्हणत होता!" आणि खाली बसून अशी हसायला लागली की यादीवाल्याला पाणी आणावं लागलं. मामा आधी तोंड गोरंमोरं करून उभे होते. मग तेही फुटले.

बाई आल्या तेव्हा तिघंही डोळे पुसत होते. त्यांना वाटलं कुणी गेलं की काय.

मामांनी सदरा घातला, गुंड्या लावल्या आणि बाईंपुढं उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. धुवायला नको म्हणालो, तेही सांगितलं. "आणि खोलीचं मी बोललो होतो ते बोललो होतो. चुकलो तर खोली नको. लावा कुलूप."

बाई फरशीवरच्या खडूच्या पंखाकडं बघत राहिल्या. मग बाकावरच्या दहा रिबिटांकडं. "चूक केली कुणी?"

"मी."

"सापडली कुणाला?"

"मलाच."

"आणि खरी आहे हे कुणी सिद्ध केलं?"

"मीच केलं, पण ह्यांनी करायला लावलं. ऐकतच नव्हते."

"बरं," बाई म्हणाल्या. "खोली तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही माझ्यासमोर बोललात, मी ऐकलंय. शब्द म्हणजे शब्द."

मामांनी मान डोलावली. बायकोनं मागून त्यांच्या सदऱ्याची शिवण धरली.

"ती खोली एकट्याला मोठीच आहे तशी," बाई पुढं म्हणाल्या. "अकरा खोकी तिथं ठेवू. आणि तिथलं टेबल तुम्हाला, पण ते जाईल शेजारी यादीवाल्यांच्या खोलीत. त्यांच्या समोर. इथून पुढं दोघांनी बघितल्याशिवाय एकही तुकडा खडूच्या रेघेत जायचा नाही."

"ह्यांच्या समोर?" मामा म्हणाले.

"माझ्या समोर?" यादीवाला म्हणाला.

"दिवसभर," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठी फाडून नवीन चिठ्ठी पुढं केली. "आणि ह्या नावेचं काय करायचं ते लिहा. पंखाशेजारी वेगळी मांडू. विमानाचाच पत्रा आहे, लोकांना बघायला आवडेल."

चिठ्ठीवर काय लिहायचं यावरून अर्धा तास गेला. यादीवाल्याला कारखान्याचा आकडा आधी हवा होता. मामांना वस्तादाचं दुकान. बायको म्हणाली, रिबिटं सैल होती हे आलंच पाहिजे, माझ्या बापाला न्याय मिळाला पाहिजे. शेवटी तिन्ही आलं, फक्त चिठ्ठी दोन ओळींची होती ती नऊ ओळींची झाली.

मग दोघांनी मिळून टेबल उचललं. दारात अडकलं. "आडवं करा," यादीवाला म्हणाला, "दार दोन फूट चार आहे, टेबल दोन फूट सहा."

"मोजत काय बसलाय, जोर लावा."

"जोर लावून दोन इंच कमी होत नाहीत मामा."

"लावून बघितलंय का कधी?"

बायको हातोडी घेऊन घरी निघाली. रस्त्याच्या वळणापर्यंत तिला ते दोघं ऐकू येत होते.